रिमोट डेस्कटॉपवरचा सामाईक क्लिपबोर्ड : आठ महिन्यांनंतर

आईच्या ऑपरेशननंतर रोज ऑफिसला जाणं जमेना, म्हणून आठ महिन्यांपूर्वी घरून काम सुरू केलं. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, ऑफिसच्या पीसीवर, मी घरच्या लॅपटॉपवर आणि मध्ये व्हीपीएनवरून (ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी) विंडोजचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ऑफिसच्या पीसीचा स्क्रीन घरच्या लॅपटॉपवर एका खिडकीत. नेट बरं असलं तर ऑफिसात बसूनच काम केल्यासारखं वाटतं. वेगाबद्दल, प्रिंटिंगबद्दल माझी तक्रार नाही.

सगळ्यात जास्त आवडला तो सामाईक क्लिपबोर्ड, म्हणजे एका मशीनवर कॉपी केलेलं दुसऱ्यावर पेस्ट करता येतं. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा. हाताने मारताना एक अक्षर चुकलं की पार्टीचं टॅक्स क्रेडिट अडकतं आणि फोन सुरू होतात. मेलमधून कॉपी, टॅलीत पेस्ट, विषय संपला. पाच महिने मी हे बिनघोर वापरलं.

मग एका सकाळी ऑफिसातून सहकाऱ्याचा फोन आला. “ताई, विंडोज-व्ही दाबलं तर इथे काहीतरी दिसतंय, तुमचं आहे का?” त्याने सोयीसाठी त्या पीसीवर क्लिपबोर्ड हिस्टरी, म्हणजे आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी, चालू केली होती. यादीत दोन जीएसटी नंबर होते, एक खाते क्रमांक होता, आईच्या रिपोर्टबद्दल डॉक्टरांना पाठवलेला मेसेज होता आणि माझा नेटबँकिंगचा पासवर्ड होता. मेसेज आणि पासवर्ड मी ऑफिसच्या पीसीवर कधीच पेस्ट केले नव्हते. कॉपीही घरी, पेस्टही घरी. रिमोटची खिडकी फक्त मागे उघडी होती.

मुलगा सज्जन, म्हणून त्याने फोन केला. त्या दिवशी पासवर्ड बदलला तरी मला रात्रभर झोप लागली नाही.

नंतर नीट वाचून काढलं. आपण काही कॉपी केलं की लॅपटॉप पलीकडच्या मशीनला कळवतो, ‘नवीन मजकूर आलाय’. मग पलीकडचा कोणताही प्रोग्राम तो मागून घेऊ शकतो, आपण पेस्ट दाबायची गरज नसते. हिस्टरीत असे 25 तुकडे राहतात. आम्हा तिघांचं लॉगिन एकच होतं. संध्याकाळी मी फुलीवर क्लिक करून निघायचे, त्यामुळे सेशन (ऑफिसच्या पीसीवरचं चालू काम) बंद न होता जिवंत राहायचं आणि सकाळी सगळं जसंच्या तसं पुढच्याच्या हातात.

उलट दिशेनेही धोका आहे. 2019 मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की पलीकडचं मशीन बिघडवलेलं असेल, तर तिथली फाइल आपल्याकडे पेस्ट करताना सोबत दुसरी फाइल गुपचूप आपल्या स्टार्टअप फोल्डरमध्ये (यातलं सगळं लॉगिन होताच आपोआप चालू होतं) येऊ शकते. मायक्रोसॉफ्टने त्या जुलैत दुरुस्ती दिली, ती अपुरी निघाली, म्हणून फेब्रुवारी 2020 मध्ये पुन्हा दिली. अपडेट पुढे ढकलणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

आता रिमोट डेस्कटॉप जोडायच्या खिडकीत ‘शो ऑप्शन्स’मधल्या ‘लोकल रिसोर्सेस’ टॅबवर ‘क्लिपबोर्ड’समोरची खूण मी काढून टाकली आहे. ती आधीपासून असतेच, आपल्याला कुणी विचारत नाही. ज्या दिवशी नंबर भरायचे असतील त्या दिवशी ती लावते, आणि तेवढा वेळ लॅपटॉपवर दुसरं काही उघडत नाही. एकाच दिशेने चालू ठेवायचा पर्याय त्या टॅबवर नाही, तो हवा होता. उठताना साइन आउट करते. सरांशी बोलले, तिघांना वेगळे लॉगिन मिळाले.

टॅलीच्या सपोर्टसाठी कुणी एनीडेस्कवरून (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर हाताळायचं ॲप) जोडलं जातं, तेव्हाही मी स्वीकारण्याच्या खिडकीत क्लिपबोर्डची परवानगी बंद करते. परवा सपोर्टच्या मुलाने अर्ध्या तासात डेटा रिपेअर करून दिला, क्लिपबोर्ड लागलाच नाही.