कृपा की पुण्याची कमाई?
बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं. त्या मिशनऱ्यांची शिकवण अशी की तारण (म्हणजे पापातून सुटका) कमवता येत नाही, देव ते कृपेनं फुकट देतो. आधार बायबलमधलं इफिसकरांस पत्र २:८-९. दुसरी वाट आपल्या ओळखीची: उपास, दानधर्म, सौंदत्तीच्या यल्लम्माचा नवस. तिच्यात कष्टाला मान आहे, पण पुण्याचं खातं पुरेसं भरलं हे सांगणार कोण? कृपेत ती धास्ती नाही, म्हणून मला तीच बाजू पटते. ‘मग चांगलं वागायचं कशाला?’ असं खानापुराकडची एखादी आजी विचारेलच. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राचं उत्तर रोखठोक आहे: कर्मांवाचून विश्वास निर्जीव. (तसा विठ्ठलाकडे कृपाच मागणारा वारकरीही या दोन वाटांच्या हिशेबात नीट बसत नाही.)