घरगुती बीअरचा ‘न वापरलेला’ संच: घेण्याआधी हे वाचा

इंग्लंडात राहणाऱ्या आणि घरी बीअर करून बघायचं मनात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. माझे सव्वाशे पौंड गेले. पण लिहावंसं वाटलं ते पैशांमुळे नाही. भरून ठेवलेली बाटली कपाटात फुटली आणि काचा दाराच्या लाकडात रुतल्या. त्याच खोलीत आमची मुलगी खेळते.

इथे स्वतःपुरती बीअर करायला 1963 पासून परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. त्यामुळे साहित्य उघडपणे मिळतं आणि जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारातही भरपूर असतं. मला भेटलेल्या विक्रेत्याची जाहिरात अशी: भेट म्हणून दोन संच आले, एक तसाच सीलबंद पडून आहे. त्यात आंबवायची बादली, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची तरंगती काचनळी), माल्टच्या म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या अर्काचे दोन डबे, यीस्ट, बाटल्या, झाकणं दाबायचं यंत्र, सगळं होतं. ‘मी बरीच वर्षं बीअर करतोय, अडलं तर कधीही विचार,’ असंही म्हणाला. पैसे मात्र पेपलवर ‘मित्र व कुटुंबीय’ या पर्यायानेच पाठव, म्हणजे फी वाचते, असा त्याचा आग्रह होता. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण मिळत नाही, आणि आग्रह त्यासाठीच होता.

द्रवात साखर जितकी जास्त तितकी घनता जास्त, आणि साखर आंबत जाते तसा हा आकडा उतरतो. सुरुवातीला हायड्रोमीटरने घनता 1.032 दाखवली. डब्यावरच्या कृतीप्रमाणे ती 1.042 च्या आसपास यायला हवी होती. विचारलं तर म्हणाला, ‘तू नीट ढवळलं नाहीस.’ बुडबुडे यायला फार वेळ लागला, तर म्हणे, ‘तुझी खोली थंड आहे.’ पुढे आकडा 1.012 वर येऊन थांबला. ‘झाली तयार, साखर घालून बाटल्यांत भर,’ असं त्याने सांगितलं.

ही फसवणूक पकडायला इतकी अवघड का, ते इथेच कळतं. त्याचं एकही उत्तर वेडगळ नव्हतं. न ढवळल्याने आकडा खरंच चुकतो, थंडीत यीस्ट खरंच मंदावतं. पहिल्यांदा करणाऱ्याला माल खराब की आपला हात कच्चा, हे ओळखता येत नाही, आणि असा विक्रेता नेमक्या त्या अंधारात उभा असतो.

बाटली फुटल्यावर ऑफिसातला एक पोलिश सहकारी घरी आला. गेली कित्येक वर्षं तो घरी बीअर करतो. त्याने आधी हायड्रोमीटर साध्या पाण्यात सोडला. 20 अंशांच्या पाण्यात 1.000 दिसायला हवं, दिसलं 0.990. नळीतली कागदी पट्टी खाली सरकलेली होती. म्हणजे मी भरली तेव्हा बीअरची खरी घनता 1.022 होती. आंबायची बरीच साखर शिल्लक होती, वर बाटलीत घातलेली वेगळी. अर्धमेलं यीस्ट बंद बाटलीत सावकाश काम करत राहिलं आणि वायूला बाहेर पडायला वाट नव्हती.

मग उरलेला डबा पाहिला. तारखेचं लेबल नखाने सोलल्यावर खाली दुसरं निघालं, तीन वर्षांपूर्वीच मुदत संपलेलं. यीस्टच्या रिकाम्या पुडीचा तारीख छापलेला कोपरा कात्रीने सरळ कापलेला होता. हायड्रोमीटरची पट्टी आपोआप सरकली असेल, पण लेबल आपोआप चिकटत नाही. फोटो पाठवल्यावर उत्तर आलं, ‘बाटल्या धुतल्या नसशील.’ त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक सरकारी विभागाकडे, तिथूनच जाते. हेच मी दुकानातून क्रेडिट कार्डाने घेतलं असतं, तर शंभर पौंडांवरच्या वस्तूला 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम 75 चा आधार मिळाला असता, म्हणजे कार्ड कंपनीकडेही पैसे परत मागता आले असते. ऑनलाइन दुकानाकडून घेतलेला माल साधारणपणे चौदा दिवसांत परतही करता येतो. खासगी विक्रेत्याकडून घेताना यातलं फारसं काही हाती राहत नाही.

पुण्याच्या मावसभावाने मला असाच संच भारतात मागवता येईल का, असं विचारलं होतं. त्याला स्पष्ट नाही म्हटलं. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम 1949 खाली परवान्याशिवाय घरी बीअर गाळणं हा गुन्हा आहे. पिण्याच्या परमिटने बनवायची मुभा मिळत नाही. तिथे कोणी ‘सगळं कायदेशीर आहे’ म्हणून संच विकत असेल तर पाऊल मागे घ्या.

इथे घेणार असाल तर पैसे देण्याआधी डब्याच्या तळाचा आणि यीस्टच्या पुडीचा तारखेसकट फोटो मागा. सामान आलं की पहिल्या दिवशी हायड्रोमीटर पाण्यात तपासा. चिमूटभर यीस्ट कोमट साखरपाण्यात टाका, अर्ध्या तासात फेस आला नाही तर ते वापरू नका. बादली आतून ओरखडलेली असेल तर परत करा, त्या चरांमध्ये जंतू राहतात.

आणि असं सामान घेऊन कोणी बाटल्या आधीच भरून ठेवल्या असतील तर त्या हलवू नका, आपटू नका. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातात जाड हातमोजे घाला. बाटलीभोवती जाड टॉवेल गुंडाळा आणि एकेक करून झाकण सावकाश सैल करा. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.