राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी : घरी शिकवणाऱ्या आईचा अभिप्राय

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंडही लावला. त्यामुळे दांडियाबाजारातल्या जुन्या मराठी घरांत ‘नात शाळेत जात नाही’ हे वाक्य आजही सहजी पचत नाही. आमच्या सासूबाईंना नात काय शिकते याची फारशी चिंता नव्हती, ‘दहावीच्या कागदाचे काय’ याची होती, आणि खरे सांगायचे तर रात्री झोप उडवणारी माझीही चिंता तीच होती.

या चिंतेवर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी हा उत्तम उतारा आहे. केंद्र सरकारच्या या संस्थेत चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदवता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि वर्षातून दोनदा, एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सार्वजनिक परीक्षा होते. पाच विषय एकदम न देता एका खेपेला दोन आणि पुढच्या खेपेला तीन असे विभागून देता येतात. उत्तीर्ण विषयांचे गुण जमा राहतात, म्हणून एक पेपर बिघडला तर वर्ष वाया जात नाही. आईच्या डोक्यावरचे अर्धे ओझे इथेच उतरते.

विषयांची निवडही मोकळी आहे. चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र हे विषय पूर्ण मानाने मोजले जातात आणि गणित सक्तीचे नाही. तरीही गणित सोडण्याची घाई करू नये, कारण पुढे विज्ञान किंवा वाणिज्य शाखेकडे वळायचे झाल्यास हाच निर्णय आड येतो. पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असून मराठी माध्यमाचीही सोय आहे.

गृहपाठाला, म्हणजे शिक्षकांनी तपासायच्या लेखी कामाला, वीस टक्के भार असतो. ते वेळेत जमा करणे, मुलीला तारखांची आठवण देणे आणि त्याच वेळी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभे राहून तिच्या रासायनिक समीकरणांची तोंडी उजळणी घेणे, हे सगळे शेवटी आईच्याच गळ्यात पडते. संस्था परीक्षा घेते, रोजचा अभ्यास करून घेत नाही. संपर्क वर्ग, म्हणजे शिक्षकांना समोरासमोर शंका विचारायचे तास, संस्थेने नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्रात होतात आणि त्यांचा दर्जा केंद्रागणिक बदलतो. आम्हाला मिळालेल्या केंद्रात वर्ग नियमित होत नसत आणि पहिल्याच भेटीत खिडकीमागच्या गृहस्थांनी ‘मुलगी कितव्या इयत्तेत नापास झाली?’ असे विचारले. मुक्त विद्यालय म्हणजे नापासांची सोय, हा समज शहरात खोलवर रुजला आहे, आणि तो मुलीच्या देखत ऐकण्याची मनाची तयारी ठेवावी लागते.

विज्ञान घ्यायचे असल्यास अर्ज भरण्यापूर्वी केंद्रात स्वतः जाऊन प्रयोगशाळा पाहावी, कारण प्रात्यक्षिके घरी भागत नाहीत.