सोशल मीडिया पीआरच्या नावाखाली कसं फसवतात

सोशल मीडियावरची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या पीआर (जनसंपर्क) एजन्सीकडून फसलेल्या माणसाला आपण फसलोय हे बहुधा सगळ्यात शेवटी कळतं. दर महिन्याला त्याच्या हातात रंगीत रिपोर्ट पडत असतो आणि त्यातली प्रत्येक रेघ वर चढत असते. पोस्ट वेळेवर जातात, चित्रंही बरी असतात. चोरी तिथे नसतेच. पाणी मुरतं ते रिपोर्टमधल्या आकड्यांत आणि अकाउंट कोणाच्या नावावर आहे त्यात.

आधी फॉलोअर. ‘तीन महिन्यांत पन्नास हजार फॉलोअर’ असं कोणी लेखी देत असेल तर तिथेच थांबा. माणसं किती येतील याची हमी कोणालाच देता येत नाही, हमी विकत मिळणाऱ्या मालाचीच देता येते. हा माल घाऊक मिळतो, आणि हुशार विक्रेते तो एकदम ओतत नाहीत, रोज दीडशे-दोनशे असा थेंबाथेंबानं सोडतात. म्हणून महिन्याचा आलेख मागू नका, दिवसाचा मागा. खरी वाढ खडबडीत असते: एखादी पोस्ट चालली की उंचवटा, मग उतार, मग काहीच नाही. रोज जवळपास तेवढीच वाढ, सुट्टीच्या दिवशीही, आणि पोस्ट नसलेल्या दिवशीही? ती माणसांची नव्हे. मधूनच एका दिवसात मोठी घट दिसली, तर प्लॅटफॉर्मनं बनावट खाती उडवली असण्याची शक्यता मोठी.

मग यादी उघडा आणि वरून, मधून, खालून मिळून शंभर खाती बघा. फोटो नाही, नावामागे आकड्यांचं शेपूट, स्वतःची एकही पोस्ट नाही, पण फॉलो मात्र हजारोंना करतंय, भाषेचा तुमच्या कामाशी संबंध नाही, ही लक्षणं मोजा. इन्स्टाग्रामवर बऱ्याच खात्यांचा जन्ममहिना आणि देश प्रोफाइलच्या मेनूतून पाहता येतो. थोडी बनावट खाती प्रत्येकाच्या यादीत असतात, त्यावरून भांडू नका. शंभरात तीस-चाळीस निघाली तर मात्र एजन्सीला समोर बसवा.

विकत घेतलेले फॉलोअर निरुपयोगी असते तर एक वेळ चाललं असतं. ते नुकसान करतात. प्लॅटफॉर्म नवी पोस्ट आधी थोड्या लोकांना दाखवून बघतो, प्रतिसाद मिळाला तर पुढे सरकवतो. त्या थोड्या लोकांत मेलेली खाती भरली की प्रतिसाद येत नाही आणि पोस्ट तिथेच अडकते. म्हणजे पैसे देऊन तुम्ही स्वतःचाच आवाज दाबून घेतलात. ही मंदी झाकायला एजन्सी मग लाइक आणि कमेंटही विकत आणते. ‘खूप छान’, ‘अप्रतिम माहिती’ आणि तीन हृदयं, पोस्ट पडल्यावर पाच-दहा मिनिटांत, दर वेळी त्याच पंधरा-वीस खात्यांकडून. पोस्ट शोकसंदेशाची असली तरी ‘मस्तच’ अशी कमेंट पडते, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

याला कायद्याची बाजूही आहे. फॉलोअर, लाइक आणि व्ह्यू विकणाऱ्या डेव्हुमी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांचं हित पाहणारा सरकारी आयोग) कारवाई केली आणि २०१९ मध्ये प्रकरण २५ लाख डॉलरच्या निवाड्यानं मिटलं. त्याच आयोगाचा ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला नियम विकणाऱ्यावर थांबत नाही. धंद्यासाठी बनावट फॉलोअर घेणाराही त्यात येतो, त्याला ते बनावट असल्याचं माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, एवढं पुरतं. तेव्हा बिलात ‘फॉलोअर ग्रोथ पॅकेज’ अशी ओळ असेल, तर ती ओळ तुमच्या बाजूनं बोलणार नाही.

आता रीच. या एका शब्दाखाली तीन वेगळे आकडे खपवले जातात. रीच म्हणजे पोस्ट किती वेगवेगळ्या खात्यांना दिसली. इम्प्रेशन म्हणजे एकूण किती वेळा दिसली. एकाला चार वेळा दिसली तर चार. आणि ‘पोटेन्शियल रीच’ म्हणजे पोस्ट टाकणाऱ्या सगळ्यांच्या फॉलोअरची नुसती बेरीज. दोन-दोन लाख फॉलोअर असलेल्या पाच इन्फ्लुएन्सरनी एकेक पोस्ट टाकली की रिपोर्टमध्ये दहा लाख येतात. प्रत्यक्षात त्या पाचांचे फॉलोअर एकमेकांत मिसळलेले असतात आणि प्रत्येकाची पोस्ट त्याच्या फॉलोअरपैकी काही जणांपर्यंतच जाते. खरा आकडा त्या इन्फ्लुएन्सरच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्म खातेदाराला दाखवतो त्या आकडेवारीत असतो. मोहीम संपल्यावर त्याचा स्क्रीनशॉट नको, स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. स्क्रीनशॉटमधला आकडा बदलायला दोन मिनिटं लागतात.

प्रतिसादाच्या टक्केवारीतही हातचलाखी असते. एका महिन्यात भागाकार फॉलोअरनं, पुढच्या महिन्यात रीचनं, जो आकडा देखणा येईल तो. स्वतः करून बघा: साठ हजार फॉलोअर, पोस्टमागे सरासरी नव्वद प्रतिसाद, म्हणजे ०.१५ टक्के. कोणत्या संख्येनं भागायचं ते करारातच ठरवून टाका. व्हिडिओचं तसंच. किती सेकंद पाहिलं म्हणजे एक ‘व्ह्यू’, हे प्रत्येक प्लॅटफॉर्मवर वेगळं, त्यामुळे सगळ्यांची बेरीज करून दिलेला एकच आकडा निरर्थक आहे. खुद्द फेसबुकनं २०१६ मध्ये कबूल केलं होतं की व्हिडिओ पाहण्याची सरासरी वेळ फुगवून दाखवली गेली, कारण तीन सेकंदांच्या आत सोडून गेलेले प्रेक्षक त्या हिशोबात धरलेच नव्हते. प्लॅटफॉर्मचं हे, तर एजन्सीच्या एक्सेल शीटचं काय.

रिपोर्टच्या शेवटी ‘एवढ्या जाहिरातीइतकी किंमत मिळाली’ असा मोठा आकडा असतो. याला एव्हीई म्हणतात, म्हणजे तेवढी प्रसिद्धी जाहिरात म्हणून विकत घेतली असती तर किती पैसे पडले असते याचा अंदाज. पीआरच्या मोजमापाबद्दल २०१० मध्ये बार्सिलोना तत्त्वं ठरली, त्यांत एव्हीई म्हणजे पीआरचं मूल्य नव्हे असं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही तो छापला जातो, कारण तो फीपेक्षा मोठा दिसतो. ते पान काढून टाकायला सांगा.

‘ट्रेंड करून देतो’ याबद्दल फार लिहायची गरज नाही. तयार वाक्यांची यादी वाटली जाते आणि भाड्याची खाती ती ठरल्या वेळी चिकटवतात. सगळ्यांत एकच शुद्धलेखनाची चूक सापडते, कधी कधी तर ‘सहा वाजता टाका’ ही सूचनाही वाक्यासकट पोस्ट होते. दोन-तीन तासांत हॅशटॅग गायब, मागे उरतो स्क्रीनशॉट आणि तुमच्या नावाची थट्टा.

जाहिरातीच्या पैशांत मात्र सरळ चोरी होते. एजन्सी जाहिराती स्वतःच्या ॲड अकाउंटमधून चालवते आणि खर्चाचं एकरकमी बिल पाठवते. त्यातले किती प्लॅटफॉर्मला गेले, हे तुम्हाला दिसतच नाही. दिसण्यासाठी ॲड अकाउंट तुमचं, कार्ड तुमचं आणि पावत्या प्लॅटफॉर्मनं दिलेल्या, व्यवहार क्रमांकासह, असं हवं. एजन्सीची फी वेगळ्या ओळीत. रिपोर्टमध्येही फुकटचा रीच आणि पैशाचा रीच वेगळे काढायला लावा. एकत्र दाखवले की तुमच्याच पैशानं आणलेला रीच ‘आमच्या कंटेंटची कमाल’ म्हणून तुम्हालाच विकला जातो.

आणि मालकी. पेज एजन्सीच्या ईमेलवर उघडलेलं, दोन टप्प्यांच्या पडताळणीचा कोड त्यांच्या माणसाच्या फोनवर, बिझनेस पोर्टफोलिओ (पेज, इन्स्टाग्राम आणि ॲड अकाउंट एकत्र सांभाळायची मेटाची सोय) त्यांच्या नावावर, आणि तुम्हाला ‘ॲक्सेस’ दिलेला. हे उलटं आहे. पोर्टफोलिओ तुमच्या नावावर हवा आणि एजन्सीला त्यात भागीदार म्हणून घ्यायचं, पोस्ट आणि जाहिरातीपुरते अधिकार देऊन. रिकव्हरीचा ईमेल आणि फोन तुमचा. पूर्ण अधिकार असलेली तुमच्याकडची किमान दोन माणसं, कारण एकाचा फोन हरवतोच. फेसबुक पेजच्या पारदर्शकतेच्या विभागात पेज कधी उघडलं, पूर्वी त्याचं नाव काय होतं आणि चालवणारे कोणत्या देशांत आहेत हे पाहता येतं. ‘नवं पेज’ म्हणून दिलेलं पेज पूर्वी विनोदांचं होतं, हे तिथे उघड होतं.

इन्फ्लुएन्सरला पैसे दिले आणि पोस्टवर तसं सांगितलं नाही, तर चूक त्याची म्हणून हात झटकता येत नाहीत. २०१५ मध्ये लॉर्ड अँड टेलर या कंपनीनं ५० इन्फ्लुएन्सरना एकच ड्रेस देऊन, पैसे देऊन पोस्ट टाकायला लावल्या. पैसे घेतल्याचं सांगायची अट करारात नव्हती. फेडरल ट्रेड कमिशननं प्रकरण चालवलं ते कंपनीवर. भारतातही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘जाहिरात’ हा शब्द मजकुराच्या सुरुवातीला हवा, वीस हॅशटॅगच्या ढिगात सतरावा नको. स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून तिचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी घेऊन ठेवा.

संशय पक्का झाला की बहुतेक जण पहिला फोन एजन्सीला करून आवाज चढवतात. तोच महागात पडतो, कारण किल्ल्या अजून त्यांच्या खिशात असतात. आधी, काहीही न बोलता, नेहमीच्या कामाचं निमित्त सांगून पूर्ण अधिकार स्वतःकडे घ्या. मग इनसाइट्स, संदेश, जाहिरातींचा इतिहास आणि फॉलोअरची यादी डाउनलोड करा. त्यानंतर पासवर्ड बदला, सगळ्या चालू लॉगिनमधून बाहेर पडा आणि जोडलेली बाहेरची ॲप काढा. पासवर्ड बदलूनही पोस्ट पडत राहतात ते बहुधा या ॲपमुळेच. एवढं झाल्यावर मग लेखी पत्र: कोणत्या बिलातली कोणती रक्कम, कोणता आकडा खोटा, पुरावा कोणता. पुढचा हप्ता रोखून धरा. एजन्सीनं विकत घेतलेली परीक्षणं (रिव्ह्यू) असतील तर ती तुम्हीच प्लॅटफॉर्मला कळवून काढून घ्या.

बनावट फॉलोअर काढायला बसाल तेव्हा एका दिवसात हजारो उडवू नका. एवढ्या वेगानं केलेली कृती प्लॅटफॉर्मला यंत्राची वाटते आणि तो तुमचंच खातं काही काळ अडवतो. रोज थोडे काढा. आकडा खाली येईल, साठ हजारांचे अकरा हजार होतील आणि कोणीतरी विचारेलच, काय झालं म्हणून. तेव्हा खरं सांगायला दोन वाक्यं आधीच लिहून ठेवा.