अनोळखी ग्राहकांना ईमेल: मुख्य डोमेनवरून की स्वतंत्र डोमेनवरून?

ओळख नसलेल्या संभाव्य ग्राहकांना विक्रीचे ईमेल पाठवताना कंपनीचे नेहमीचे डोमेन (ईमेल पत्त्यातील @ नंतरचे नाव) वापरावे की स्वतंत्र घ्यावे, हे मजकूर लिहिण्याआधीच ठरवावे लागते. मुख्य डोमेनला जुन्या पत्रव्यवहारातून पत मिळालेली असते, त्यामुळे सुरुवातीचे ईमेल इनबॉक्समध्ये पोहोचण्याची शक्यता अधिक असते. परंतु बऱ्याच जणांनी ते स्पॅम म्हणून नोंदवले, तर त्याच डोमेनवरून जाणारी बिले, कोटेशने आणि जुन्या ग्राहकांना दिलेली उत्तरेही स्पॅममध्ये पडू लागतात, आणि गेलेली पत परत मिळवणे फार कष्टाचे असते.

स्वतंत्र डोमेनमुळे हा धोका बराच आटोक्यात राहतो. मात्र त्याला स्वतःची पत नसल्याने आरंभी रोज थोडेच ईमेल पाठवून काही आठवड्यांत संख्या हळूहळू वाढवावी लागते. उपडोमेन, म्हणजे मुख्य डोमेनच्याच नावाआधी एखादा शब्द जोडून केलेले नाव, हा मधला मार्ग वाटतो खरा, पण त्याची बदनामी मूळ डोमेनपर्यंत पोहोचू शकते.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी, ज्यांवरून ईमेल खरोखर त्या डोमेनवरूनच आल्याची पडताळणी होते, दोन्हीकडे हव्यातच. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून त्या सक्तीच्या केल्या असून, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवण्यास सांगितले आहे.

माझ्या मते लहान व्यवसायाने स्वतंत्र डोमेनच घ्यावे, मात्र ते मुख्य नावाशी मिळतेजुळते असावे, प्रत्येक ईमेलखाली कंपनीचे खरे नाव व पत्ता द्यावा आणि नकार देणाऱ्याचा पत्ता यादीतून त्वरित काढावा.