मेमटेस्ट८६ मोफत आवृत्ती: रॅमचा गुन्हा शाबीत करतं, निर्दोष सोडताना मात्र चुकतं

डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या, आणखी दोन टाकल्या. ब्राउझर, एक्सेल सगळं ठणठणीत. गेम मात्र वीस मिनिटांत डेस्कटॉपवर फेकतो, आणि दर वेळी एरर वेगळा. ड्रायव्हर बदलण्यात दोन दिवस घालवण्याआधी पासमार्क कंपनीचं मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं टूल लावा.

पेनड्राइव्हवर इमेज चढवायची (आतलं सगळं पुसलं जातं) आणि त्यावरून बूट करायचं. विंडोज सुरूच होत नसल्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासली जाते, शिवाय सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून बूट होऊ न देणारं संरक्षण) बंद करावं लागत नाही. मोफत आवृत्तीत चारच पास (सगळ्या चाचण्यांच्या पूर्ण फेऱ्या) मिळतात, घरच्या मशीनला ते पुरतात. ३२ जीबीला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपा. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक लवकर उरकते, पण तिच्या ‘एरर नाही’वर विसंबू नका.

लाल ओळ एकच आली तरी ती एरर समजायची. ‘एवढ्याने काय होतंय’ चालत नाही. अपवाद टेस्ट १३ चा, म्हणजे हॅमर टेस्टचा (एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा मारा करून शेजारचे बिट बदलतात का ते पाहणारी): फक्त तिथेच एरर असतील तर गेम बंद पडण्याचं कारण बहुधा दुसरीकडे आहे.

एरर कुठून येतो हे हे टूल सांगत नाही, ते तुम्हीच शोधायचं. आधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पाकिटावरच्या जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून पुन्हा चालवा. एरर गेले, तर स्टिक बहुतेक चांगल्या आहेत. चार स्टिकचं ओझं प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला त्या वेगाला पेलत नाहीये. रायझन ५००० मालिकेसाठी एएमडीचा स्वतःचा आकडा दोन स्टिकना ३२०० आहे, पण चार सिंगल रँक (रँक म्हणजे स्टिकवरच्या एकत्र चालणाऱ्या चिपचा गट) स्टिकना २९३३ आणि चार ड्युअल रँकना २६६७. दुकानदार हे क्वचितच सांगतो. मग एक्सएमपी चालू करून वेग हाताने २९३३ वर आणा आणि व्होल्टेज १.३५ च राहू द्या.

एक्सएमपी बंद असूनही एरर येत असतील, तर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ मध्ये, एकेक स्टिक एकटी तपासा. एकच नापास झाली तर ती बदला. किट म्हणून घेतली असेल तर वॉरंटीला जोडी पाठवा. सगळ्या ए२ मध्ये पास होतात पण इतर एखाद्या स्लॉटमध्ये नापास, असं असेल तर स्लॉट, सॉकेटची वाकलेली पिन किंवा गरजेपेक्षा जास्त आवळलेला कूलर बघा.

आता उणी बाजू. टेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड निवांत असतं, त्यामुळे कॅबिनेट गेमइतकं तापत नाही. गरम झाल्यावरच चुकणारी रॅम इथे चारही पास सहज पार करू शकते. अशा वेळी विंडोजमध्येच रॅम तपासणारं टेस्टमेम५ चालवा, तेही तासभर गेम खेळून मशीन तापल्यावर लगेच. तिथेही काही सापडलं नाही तर पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्डकडे वळा. इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद फक्त मशीन अचानक बंद पडल्याचं सांगते, का पडलं ते नाही.

पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो तापमानाच्या या आंधळेपणासाठी.

रॅम सुधारल्यावरही गेम पडतच राहिला तर गोंधळू नका. खराब रॅममधून डाउनलोड झालेल्या फाइली डिस्कवर बिघडलेल्या असू शकतात. स्टीममधून गेमच्या फाइलींची पडताळणी करा आणि ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजच्या फाइली तपासणारं सिस्टिम फाइल चेकर चालवा.