संसद डॉट इनवरची प्रश्नोत्तरं: राष्ट्रीय सुरक्षेवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना कितपत कामाची?

आरमोरी असो की मोर्शी, तालुक्याच्या अभ्यासिकेत राष्ट्रीय सुरक्षेवरचे निबंध चाळले की बहुतेकांची सुरुवात ‘आज देशासमोर अनेक आव्हाने उभी आहेत’ अशीच सापडते. पुढे धड आकडाही नसतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यावर हे परवडणारं नाही. महागडी मासिकं लावण्याआधी संसद डॉट इन हे संसदेचं संकेतस्थळ वापरून बघा, खासदारांच्या प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली उत्तरं तिथे मिळतात. ते फुकट आहे, साध्या मोबाईलवर उघडतं, आणि एक उत्तर सहसा दोन-चार पानांतच संपतं.

लोकसभा की राज्यसभा, ते सभागृह निवडा, प्रश्नांच्या विभागात जा, मंत्रालय निवडा, मग विषयाचा शब्द टाका. शोध फसतो तो या शब्दावरच. ‘नक्षलवाद’ हा आपल्या तोंडचा शब्द. गृह मंत्रालयाच्या इंग्रजी कागदांत त्याला ‘लेफ्ट विंग एक्स्ट्रीमिझम’ म्हणतात, हिंदीत ‘वामपंथी उग्रवाद’. मराठीत उत्तरं मिळत नाहीत, ही ग्रामीण विद्यार्थ्यासाठी खरी अडचण आहे.

आकडा उचलताना तारीख आणि व्याख्या दोन्ही उचला. नक्षलप्रभावित जिल्हे किती? एप्रिल २०१८ मध्ये १२६ वरून ९०, जुलै २०२१ मध्ये ७०, एप्रिल २०२४ मध्ये ३८, एप्रिल २०२५ मध्ये १८. सगळे आकडे बरोबर आहेत, पण आपापल्या तारखेपुरते. शिवाय त्या १८ पैकी ‘सर्वाधिक प्रभावित’ फक्त ६ होते आणि त्यांत महाराष्ट्रातलं एकटं गडचिरोली. एका परिच्छेदात १८ आणि दुसऱ्यात ६ लिहून फरक सांगितला नाही, तर तपासणारा पुढचं काहीच खरं धरणार नाही.

आणि फक्त गृह व संरक्षण मंत्रालयातच शोधू नका, हा आमचा आग्रह आहे. रसायने व खते मंत्रालयाची उत्तरं काढा. देशाला लागणारं पोटॅश जवळपास पूर्णपणे बाहेरून येतं. डीएपी या खताचा तयार माल आणि कच्चा मालही मोठ्या प्रमाणावर आयात होतो. रशिया, बेलारूसकडे युद्ध-निर्बंध सुरू झाले किंवा चीनने निर्यात आवळली, की झळ थेट पेरणीला बसते. कृषी केंद्रासमोरच्या रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या पोराला हा धोका पुस्तकातून शिकावा लागत नाही, फक्त कागदाचा आधार हवा असतो. खाद्यतेलाचंही तसंच, सोयाबीन पिकवणाऱ्या भागातून त्यावर एकही बरा लेख येऊ नये, याचं वाईट वाटतं.

संदर्भ देताना सभागृह, तारांकित (तोंडी उत्तराचा) की अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न, क्रमांक आणि उत्तराची तारीख, चारही लिहा. प्रश्नांचे क्रमांक प्रत्येक अधिवेशनात १ पासून सुरू होतात, त्यामुळे नुसत्या क्रमांकाला काही अर्थ नाही.

उत्तरांची मर्यादाही ओळखा. ‘पोलीस आणि सार्वजनिक व्यवस्था हे राज्यसूचीतले विषय आहेत’ या वाक्यावर पुष्कळ उत्तरं सुरू होतात आणि मुद्दा राज्याकडे सरकतो. तारांकित प्रश्नावर सभागृहात झालेले पूरक प्रश्न उत्तराच्या पीडीएफमध्ये नसतात, ते कामकाजाच्या वृत्तांतात वाचावे लागतात. आणि उत्तर म्हणजे सरकारची बाजू. मतलेखाचा सगळा भार तिच्यावर टाकला, तर लेखाचं प्रसिद्धीपत्रक होतं.

दुसरी बाजू मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या स्थायी समित्यांच्या अहवालांत मिळते. गृहविषयक समिती राज्यसभेच्या भागात, संरक्षणविषयक समिती लोकसभेच्या भागात. हे माहीत नसेल तर तास वाया जातो. जाडजूड मूळ अहवालाआधी त्यावरचा ‘केलेल्या कार्यवाहीचा अहवाल’ उघडा. समितीची शिफारस, सरकारचं उत्तर आणि त्या उत्तरावर समितीचं मत, तिन्ही त्यात एकत्र वाचायला मिळतं.